एकवीस घरे, तीन उत्तरे : सामूहिक निर्णयांचे गणित आणि त्याच्या संशोधनाच्या वाटा

दहावीचा निकाल लागला की घराघरांत पसंतीक्रमाचा अर्ज उघडला जातो. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया २०२५ मध्ये संपूर्ण राज्याला लागू झाली आणि तोवर मोठ्या शहरांपुरता असलेला हा प्रश्न तालुक्याच्या गावीही पोहोचला. एक ते दहा महाविद्यालये पसंतीने लिहायची आणि यादी लागण्याची वाट पाहायची, एवढेच वरवर दिसते. शेजारच्या घरात मी हा अर्ज भरला जात असताना बसलो होतो. मुलीने वहीच्या पानावर दहा नावे लिहिली होती आणि पहिले नाव तीनदा खोडून पुन्हा लिहिले होते. ‘‘ते कॉलेज मिळायचे नाही, मग पहिली पसंती वाया कशाला घालवतेस?’’ असे तिचे मामा पुन्हा पुन्हा सांगत होते.

मामांचा सल्ला बरोबर होता की चूक, हे मुलीच्या गुणांवर ठरत नाही. हजारो पसंतीक्रम एकत्र करून जागा वाटणारा जो नियम संगणकात लिहिलेला असतो, त्यावर ते ठरते. अशा नियमांचा अभ्यास करणारी एक विद्याशाखा आहे. अनेकांच्या आवडीनिवडींतून सर्वांचा मिळून एक निर्णय कसा काढावा, तो संगणकाने किती वेळात निघेल आणि त्यात कोणावर अन्याय होईल, हे ती तपासते. तिला ‘संगणकीय सामाजिक निवड’ म्हणतात. गणित, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र यांच्या सीमेवरचा हा विषय असल्यामुळे तो आपल्याकडच्या कोणत्याही एका अभ्यासक्रमात धड बसत नाही, आणि त्यामुळे हुशार विद्यार्थ्यांनाही त्याची खबर लागत नाही.

मते तीच, निकाल वेगळा

एकवीस घरांची एक गृहनिर्माण संस्था घेऊ. राखीव निधीतून या वर्षी एकच काम होऊ शकते : नवी लिफ्ट, गच्चीचे वॉटरप्रूफिंग किंवा सौर पॅनेल. प्रत्येक घराने तिन्ही कामे आपल्या पसंतीने क्रमवार लिहून दिली. नऊ घरांचा क्रम लिफ्ट, गच्ची, सौर असा आहे. सात घरांचा क्रम सौर, गच्ची, लिफ्ट असा आहे. उरलेल्या पाच घरांनी गच्ची, सौर, लिफ्ट असे लिहिले आहे.

फक्त पहिली पसंती मोजली तर लिफ्टला नऊ, सौरला सात आणि गच्चीला पाच मते पडतात, म्हणून लिफ्ट जिंकते. सचिव म्हणाले की निम्म्याहून अधिक घरांचा पाठिंबा हवा, तर सर्वांत मागचा पर्याय, म्हणजे गच्ची, बाद होतो. तिची पाच मते दुसऱ्या पसंतीनुसार सौरकडे जातात आणि सौर बारा विरुद्ध नऊ असे जिंकते. आता एखाद्या सभासदाने दोन-दोन पर्यायांची समोरासमोर तुलना करायला सांगितले, तर गच्ची लिफ्टला बारा विरुद्ध नऊ असे हरवते आणि सौरला चौदा विरुद्ध सात असे हरवते.

एकाही घराने आपले मत बदललेले नाही, तरीही तीन नियमांनी तीन वेगळी कामे निवडली. ‘सभेने ठरवले’ असे आपण इतिवृत्तात लिहितो तेव्हा त्यातला किती भाग सभेने ठरवला आणि किती भाग मोजणीच्या पद्धतीने ठरवला, हे कोणी विचारत नाही. तो प्रश्न विचारायला शिकवणे हेच या शास्त्राचे मूळ काम आहे, असे मला वाटते.

हे केवळ कागदावरचे कोडे नाही. ऑगस्ट १९६९ मधील राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पहिल्या पसंतीच्या मतमूल्यांत (या निवडणुकीत प्रत्येक आमदार-खासदाराच्या मताला ठरावीक मूल्य असते) व्ही. व्ही. गिरी यांना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांना १,१२,७६९ मूल्य मिळाले होते. कोणालाच निम्म्याहून अधिक मूल्य मिळाले नसल्याने मागच्या उमेदवारांची मते पुढच्या पसंतीप्रमाणे वाटली गेली. देशमुखांच्या मतदारांचा कल मुख्यतः रेड्डींकडे होता, त्यामुळे सुरुवातीचे जवळजवळ ८८ हजारांचे अंतर शेवटी १५ हजारांच्या आत आले. गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे विजयी झाले. ज्या मतपत्रिकांवर देशमुखांचे नाव पहिले होते, त्यांवरच्या दुसऱ्या आकड्याने देशाचा राष्ट्रपती जवळजवळ बदलला होता.

मग सर्वांत चांगला नियम कोणता?

हा प्रश्न अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये गांभीर्याने विचारला गेला. बोर्डा यांनी क्रमांकानुसार गुण देण्याची पद्धत सुचवली, तर कोंडोर्से यांनी १७८५ मध्ये समोरासमोरच्या तुलनेचा आग्रह धरला. मात्र कोंडोर्से यांनाच एक अडचण दिसली. तीन माणसे असतील आणि पहिल्याचा क्रम क-ख-ग, दुसऱ्याचा ख-ग-क, तिसऱ्याचा ग-क-ख असा असेल, तर बहुमताने क हा ख ला हरवतो, ख हा ग ला हरवतो आणि ग पुन्हा क ला हरवतो. प्रत्येक माणूस सुसंगत विचार करतो आहे, पण तिघे मिळून केलेला विचार गोल गोल फिरतो आहे.

केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्ये सिद्ध केले की तीन किंवा अधिक पर्याय असतील, तर मोजक्या आणि अगदी साध्या वाटणाऱ्या अटी एकाच वेळी पाळणारा कोणताही नियम अस्तित्वात नाही. त्या सर्व पाळायच्या म्हटले तर एकाच व्यक्तीचा शब्द अंतिम मानावा लागतो. त्यांना १९७२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. याच परंपरेत काम करणाऱ्या अमर्त्य सेन यांना ते १९९८ मध्ये मिळाले. ॲरो यांच्या सिद्धतेचा अर्थ ‘लोकशाही अशक्य आहे’ असा काढला जातो, तो चुकीचा आहे. प्रत्येक नियम काहीतरी सोडतो, आणि काय सोडायचे हे आपण उघडपणे ठरवले पाहिजे, इतकाच तिचा अर्थ आहे.

ऑप्टिमायझेशन येथे कुठे येते?

दिलेल्या मर्यादांत शक्य तितके चांगले उत्तर शोधणे, याला ऑप्टिमायझेशन म्हणतात. एसटीच्या आगारात मोजक्या बस आणि मोजके चालक हाती असताना जास्तीत जास्त फेऱ्या बसवणे हे त्याचे ओळखीचे रूप. सामूहिक निर्णयातही हेच करता येते : सर्वांच्या क्रमांशी कमीत कमी विसंगत असा एकच सामाईक क्रम शोधायचा. आपल्या संस्थेत ‘गच्ची, सौर, लिफ्ट’ हा क्रम घेतला, तर पहिल्या नऊ घरांच्या प्रत्येकी दोन जोड्या उलट्या लागतात, सात घरांची प्रत्येकी एक जोडी उलटी लागते आणि पाच घरांची एकही नाही. एकूण विसंगती पंचवीस. बाकीचे पाच क्रम तपासले, तर प्रत्येकाची विसंगती याहून जास्त निघते.

तीन पर्यायांचे क्रम सहाच असल्याने हे हाताने झाले. दहा पर्यायांचे क्रम ३६,२८,८०० होतात. वीस पर्यायांच्या क्रमांची संख्या एकोणीस अंकी आहे. सेकंदाला शंभर कोटी क्रम तपासणाऱ्या यंत्रालाही ते सगळे पाहायला सुमारे ७७ वर्षे लागतील. १९८९ मध्ये बार्थोल्डी, टोवी आणि ट्रिक या तिघांनी दाखवले की ही अडचण यंत्राच्या वेगाची नाही, प्रश्नाच्या स्वभावाचीच आहे : तो ज्या अवघड प्रश्नांच्या गटात मोडतो, त्यांच्यासाठी सर्व प्रसंगी झटपट चालणारी रीत आजवर कोणालाही सापडलेली नाही. चांगला नियम हाती आहे, पण त्याचा निकाल वेळेत काढता येत नाही, ही स्थिती संगणकशास्त्रज्ञांना या विषयाकडे ओढून घेऊन आली. सर्व क्रम न तपासता नेमके उत्तर कसे काढावे, किंवा थोडी चूक मान्य करून जवळपासचे उत्तर कसे काढावे, यावर तेव्हापासून काम चालू आहे.

लोक खोटा क्रम लिहितील, त्याचे काय?

हा आक्षेप रास्त आहे. आपल्याच संस्थेत बाद फेरीच्या, म्हणजे सर्वांत मागचा पर्याय काढून टाकण्याच्या, नियमाने सौर जिंकते. लिफ्टवाल्या नऊ घरांना सौर सर्वांत नावडते आहे. त्यांच्यापैकी चार घरांनी गच्ची पहिली असल्याचे लिहून दिले, तर लिफ्टला पाच, सौरला सात आणि गच्चीला नऊ मते पडतात. लिफ्ट बाद होऊन तिची मते गच्चीकडे जातात आणि गच्ची जिंकते. खोटे लिहून त्या घरांचा फायदाच झाला. गिबार्ड यांनी १९७३ मध्ये आणि सॅटरथ्वेट यांनी १९७५ मध्ये सिद्ध केले की तीन किंवा अधिक पर्यायांपैकी एक निवडायचा असेल आणि प्रत्येक पर्यायाला जिंकण्याची वाट खुली असेल, तर एका माणसाच्या हुकमावर न चालणाऱ्या प्रत्येक निश्चित नियमात असा डाव कधी ना कधी शक्य असतो.

मात्र जागावाटपाचे प्रश्न निराळे असतात आणि तेथे सुटकेची वाट आहे. गेल आणि शॅप्ली यांनी १९६२ मध्ये एक रीत मांडली. प्रत्येक विद्यार्थी आपल्या यादीतल्या पहिल्या ठिकाणी अर्ज करतो; संस्था गुणवत्तेनुसार अर्ज तात्पुरते ठेवून घेते आणि बाकीचे परत करते; परत आलेला विद्यार्थी पुढच्या पसंतीकडे जातो; तेथे त्याची गुणवत्ता अधिक असेल तर आधी तात्पुरता ठेवलेला विद्यार्थी बाहेर पडतो. कोणाचेही अर्ज परत येईनासे झाले की वाटप कायम होते. येथे मोठे स्वप्न पहिल्या क्रमांकावर लिहिल्याने दुसऱ्या क्रमांकाची संधी कमी होत नाही, म्हणून खरा क्रम लिहिणे हाच विद्यार्थ्यासाठी सर्वांत सुरक्षित मार्ग ठरतो.

याच्या उलट प्रकार अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या शाळाप्रवेशात होता. ज्यांनी एखादी शाळा पहिली लिहिली, त्यांच्यातच तिच्या जागा आधी कायमच्या वाटल्या जात. तेथे पहिली पसंती खरोखर वाया जाऊ शकत होती. जाणकार पालक डाव आखून अर्ज भरत आणि सरळ मनाने खरा क्रम लिहिणारे पालक मागे पडत. संशोधकांनी हा दोष उघडपणे मांडल्यावर २००५ मध्ये बॉस्टनने तो नियम सोडून गेल-शॅप्लींच्या रीतीवर आधारलेली पद्धत स्वीकारली. मामांचा सल्ला जुन्या बॉस्टनमध्ये शहाणपणाचा ठरला असता.

आपल्याकडे आयआयटी आणि एनआयटी यांचे प्रवेश २०१५ पर्यंत वेगवेगळे होत. एकच विद्यार्थी दोन्हीकडे जागा अडवून बसे आणि नंतर एक जागा रिकामी राही. २०१५ मध्ये ‘जोसा’ ही संयुक्त प्रक्रिया आली, आणि तिच्या मुळाशी गेल-शॅप्लींचीच रीत आहे. ‘फ्रीझ’, ‘फ्लोट’ आणि ‘स्लाइड’ हे शब्द अशा विद्यार्थ्यांच्या घरांत सर्वांना पाठ असतात : मिळालेली जागा कायम करणे, ती राखून वरच्या कोणत्याही पसंतीची वाट पाहणे, किंवा त्याच संस्थेतल्या वरच्या शाखेची वाट पाहणे. आरक्षणाचे अनेक स्तर आणि एकामागून एक फेऱ्या या रीतीत बसवणे हे स्वतंत्र संशोधन होते, आणि त्यावरचा निबंध आपल्या आयआयटीच्या प्राध्यापकांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्धही केला आहे. अशा प्रकारच्या वाटपांच्या अभ्यासासाठीच २०१२ चे नोबेल रॉथ आणि शॅप्ली यांना मिळाले.

मग अकरावीच्या मुलीने काय करावे? वाटप गुणवत्तेवर आणि पसंतीवर होत असताना आवडते महाविद्यालय वर लिहिण्यात तोटा नाही, पण दहाच नावांची मर्यादा मात्र खरी अडचण निर्माण करते. दहाही नावे आवाक्याबाहेरची लिहिली तर हात रिकामे राहतात. म्हणून कोणती दहा नावे घ्यायची हे आवाका पाहून ठरवावे, आणि घेतलेल्या दहांचा आपापसातला क्रम मात्र मनापासूनचा असावा. पहिली पसंती मिळाल्यावर प्रवेश नाकारला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते, म्हणून मामांच्या भीतीपोटी पहिले लिहिलेले नावडते कॉलेज गळ्यात पडण्याचा धोकाच अधिक असतो. यादी मर्यादित असली की खरा क्रम लिहिणे सुरक्षित का राहत नाही, यावर या शाखेत बरेच काम झाले आहे.

पैसे वाटताना : वर्गणीचा दाखला

पुणे महापालिकेने २००६ मध्ये अंदाजपत्रकात नागरिकांकडून कामे सुचवून घेण्यास सुरुवात केली. ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे शहरात १९८९ मध्ये सुरू झालेली ही ‘सहभागी अंदाजपत्रका’ची कल्पना आज जगभर पसरली आहे. कामे सुचवून झाली की निवड कशी करायची, हा अवघड भाग उरतो.

शंभर मतदार आणि दहा लाख रुपये आहेत असे समजा. प्रत्येक काम दोन लाखांचे आहे. टेकडीकडच्या साठ जणांनी आपली पाच कामे सुचवली आणि नदीकडच्या चाळीस जणांनी आपली तीन. सर्वाधिक मतांची कामे घेत गेलो, तर पाचही कामे टेकडीकडे जातात आणि चाळीस टक्के लोकांना एक रुपयाही मिळत नाही. त्याऐवजी प्रत्येक मतदाराच्या नावावर दहा-दहा हजार रुपये टाकले आणि ज्या कामाचे समर्थक मिळून वर्गणी भरू शकतील तेच काम मंजूर केले, तर टेकडीकडच्यांच्या सहा लाखांत तीन कामे बसतात आणि नदीकडच्यांच्या चार लाखांत दोन. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करणाऱ्या कोणालाही हा विचार लगेच समजेल. समान वाट्यांची ही पद्धत २०२३ मध्ये पोलंडमधील विएलिच्का आणि स्वित्झर्लंडमधील आराऊ या गावांनी प्रत्यक्ष वापरली. ती संशोधकांच्या फळ्यावरून नगरपालिकेच्या ठरावापर्यंत काही वर्षांतच पोहोचली, आणि या क्षेत्राचे मला वाटणारे सर्वांत मोठे आकर्षण हेच आहे.

निर्णय यंत्राच्या हाती द्यायचा का?

नाही. संगणक फक्त हिशोब करतो. न्याय्य कशाला म्हणायचे, हे माणसांनीच ठरवावे लागते. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी उभी केलेली पाणी पंचायत हे याचे आपल्या मातीतले उदाहरण आहे. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर या हिशोबाने द्यायचे, भूमिहीनांचाही त्यात हक्क मानायचा आणि ऊस लावायचा नाही, असे नियम तेथे ठरले. कोणत्याही संगणकाने ते सुचवले नव्हते. मात्र एकदा असे तत्त्व ठरले, की शेकडो शेते, चारीची लांबी आणि आठवड्याचे तास यांत ते काटेकोर बसवणे हा ऑप्टिमायझेशनचा प्रश्न होतो, आणि तेथे यंत्राची मदत घेण्यात काही गैर नाही. नियम गुप्त ठेवणे मात्र गैर आहे. प्रवेशाचा किंवा निधीवाटपाचा नियम सामान्य माणसाला वाचता येईल अशा भाषेत जाहीर व्हावा, अशी मागणी आपण केली पाहिजे.

हे संशोधन चालते कुठे?

या क्षेत्राचा मुख्य मेळावा म्हणजे ‘कॉमसॉक’ (संगणकीय सामाजिक निवड या विषयाच्या इंग्रजी नावाचे लघुरूप) ही आंतरराष्ट्रीय कार्यशाळा. पहिली २००६ मध्ये ॲमस्टरडॅमला झाली. पुढे ती साधारण दोन वर्षांनी लिव्हरपूल, क्राकोव्ह, तुलूझ अशी फिरत राहिली आणि २०२५ मध्ये व्हिएन्नाला भरली. कार्यशाळा आणि परिषद यांत फरक आहे. परिषदेत झालेले काम मांडले जाते आणि निबंध छापला जातो. कार्यशाळेत अर्धवट राहिलेले कामही मांडता येते, तेथे वाचलेला निबंध पुढे दुसरीकडे पाठवता येतो, आणि चहाच्या वेळात झालेल्या बोलण्यातून पुढचा सहलेखक मिळतो. नव्या विद्यार्थ्याने म्हणून आधी कार्यशाळेकडे पाहावे. जर्मनीतील डागस्टूल येथे आठवडाभराच्या निवासी चर्चासत्रांत हा विषय अनेकदा घेतला गेला आहे, पण तेथे निमंत्रणावाचून जाता येत नाही.

भारतात बंगळूरूची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, आयआयटींपैकी अनेक, आणि दिल्लीची भारतीय सांख्यिकी संस्था येथे या विषयावर किंवा त्याच्या शेजारच्या विषयांवर काम चालते. आयआयटी मुंबईत ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे मर्यादित साधनांतून सर्वांत चांगले नियोजन काढण्याचे शास्त्र, शिकवले जाते, आणि भारतीय ऑपरेशनल रिसर्च सोसायटी तर १९५७ पासून आहे.

मोठ्या संस्थेत नसलेल्या विद्यार्थ्याने काय करावे?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण येथे प्रयोगशाळा लागत नाही. लातूरच्या किंवा सावंतवाडीच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला साधा संगणक, थोडी प्रोग्रॅमिंगची सवय आणि काटेकोर विचार करण्याची तयारी पुरते. पायाभूत गणितासाठी १९९३ पासून चालणारे एमटीटीएस हे उन्हाळी शिबिर आहे, टाटा संस्थेचा विद्यार्थ्यांसाठीचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम आहे, आणि तीन राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या दोन महिन्यांच्या उन्हाळी शिष्यवृत्त्या अनेक वर्षे चालत आल्या आहेत. त्यांचे अर्ज उन्हाळ्याच्या बरेच आधी मागवले जातात, म्हणून मार्चमध्ये जागे होऊन उपयोग नाही. आयआयटींच्या प्राध्यापकांची ऑनलाइन व्याख्याने असलेल्या एनपीटीईएलवर गेम थिअरी (इतरांच्या चाली पाहून निर्णय घेण्याचे गणित) आणि मेकॅनिझम डिझाइन (नियम कसे घडवावेत याचे शास्त्र) यांचे अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात.

माहितीसाठ्यांचीही उणीव नाही. ‘प्रेफलिब’ या खुल्या संग्रहात प्रत्यक्ष मतदानांतील पसंतीक्रम ठेवले आहेत, आणि ‘पाबुलिब’मध्ये सहभागी अंदाजपत्रकांची मते आहेत, त्यांतली बरीचशी पोलंडच्या शहरांतील. एखादे शहर निवडून तीन वेगवेगळे नियम चालवावेत, निकाल कुठे बदलतो ते तपासावे आणि तीन-चार पानांत लिहावे. प्राध्यापकांना इंटर्नशिपसाठी पत्र लिहिताना ‘मला आपल्या विषयात रस आहे’ या वाक्यापेक्षा ही चार पाने कितीतरी अधिक सांगतात. पत्रात त्या प्राध्यापकांचा एखादा निबंध वाचून पडलेला एक नेमका प्रश्न जरूर लिहावा.

प्रारंभ त्याहूनही लहान करता येईल. वर दिलेली एकवीस घरांची मते पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या तीस-चाळीस ओळींत भरावीत, तिन्ही नियम लिहावेत, आणि प्रत्येक घराने आपला क्रम बदलून पाहिला तर निकाल कुठे कुठे हलतो याचा तक्ता काढावा. दोन संध्याकाळी त्याला पुरतील.